बालयंत्राचा शिक्षक : ॲलन ट्युरिंग

संगणकशास्त्राचे जनक म्हणून जग ज्यांना ओळखते, त्या ॲलन मॅथिसन ट्युरिंग यांचे बालपण आईवडिलांपासून दूर गेले आणि त्याला कारण आपला देश होता. वडील ज्युलियस ट्युरिंग हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई एथेल सारा या मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता एडवर्ड स्टोनी यांच्या कन्या. ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. मुलांना हिंदुस्थानात न्यावयाचे नाही, असे आईवडिलांनी ठरविले. त्यामुळे थोरला भाऊ जॉन आणि ॲलन या दोघांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आई अधूनमधून येऊन राहत असे. पण वडील १९२६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ताटातूट हाच या घराचा नियम राहिला. त्यापुढे निवासी शाळा आल्या. वसतिगृहातील पहिली रात्र ज्यांनी जागून काढली आहे, त्यांना या मुलाच्या मनाची कल्पना निराळी करून द्यावी लागणार नाही.

या मुलाने पुढे जगापुढे तीन प्रश्न ठेवले. बुद्धी म्हणजे काय? ती कशावरून ओळखावी? आणि ती शिकवून घडविता येते काय? कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून आज ज्या शास्त्राचा सर्वत्र बोलबाला आहे, ते या तीन प्रश्नांच्या पायावर उभे आहे. हे प्रश्न ट्युरिंग यांच्या मनात कसे रुजले, हे पाहिले म्हणजे त्या शास्त्राचाही परिचय होतो.

दहा वर्षांचा असताना ॲलनच्या हाती निसर्गातील नवलांवरचे एक बालपुस्तक आले. एडविन ब्रूस्टर यांच्या त्या पुस्तकात शरीर हे एक यंत्र आहे, फार गुंतागुंतीचे पण यंत्रच, असा विचार मुलांना समजेल अशा भाषेत मांडला होता. तो ॲलनच्या मनात घर करून राहिला. १९२६ मध्ये शेरबर्न येथील प्रसिद्ध निवासी शाळेत त्याचा प्रवेश ठरला आणि नेमका त्याच दिवसांत इंग्लंडभर सार्वत्रिक संप झाला. रेल्वे बंद. चौदा वर्षेही पूर्ण न झालेला ॲलन साऊथहॅम्प्टन बंदरावरून एकटाच सायकलवर निघाला, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि सुमारे १०० किलोमीटरचे अंतर तोडून शाळेत हजर झाला.

शाळेने मात्र या जिद्दीचे मोल फारसे जाणले नाही. त्या काळच्या इंग्लिश शाळांत ग्रीक-लॅटिन भाषांना मान होता. गणित आणि विज्ञान हे दुय्यम विषय. ॲलनचे हस्ताक्षर अत्यंत वाईट, वह्या शाईच्या डागांनी भरलेल्या. इतके वाईट अक्षर आपण पाहिलेले नाही, अशा आशयाचा शेरा एका शिक्षकांनी प्रगतिपत्रकावर मारला. त्याला केवळ शास्त्रज्ञच व्हावयाचे असेल, तर या शाळेत तो वेळ फुकट घालवीत आहे, असे मुख्याध्यापकांचे मत पडले. याच काळात त्या डागाळलेल्या वह्यांत काय चालले होते? कलनशास्त्र शिकण्यापूर्वीच त्याने त्रिकोणमितीतील एक अनंत श्रेणी स्वतः शोधून काढली होती. सोळाव्या वर्षात त्याने आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताचे टिपण आईला समजावे म्हणून लिहिले होते. शेरा मारणाऱ्यांना अक्षर दिसले; अक्षरामागचा विचार दिसला नाही.

तो विचार ओळखणारा एक सोबती त्याला शाळेतच मिळाला. ख्रिस्तोफर मॉरकम हा त्याच्याहून वरच्या वर्गातील, विज्ञानात अत्यंत हुशार आणि नीटनेटका विद्यार्थी. दोघे मिळून खगोलशास्त्र आणि रसायनशास्त्र यांवर चर्चा करीत. १३ फेब्रुवारी १९३० रोजी ख्रिस्तोफरचा मृत्यू झाला. लहानपणी दूषित दुधातून जडलेला क्षयरोग त्याचे कारण होता. ॲलनला हा आघात फार मोठा होता. मित्राच्या आईशी त्याचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. ख्रिस्तोफरचे शरीर गेले, मग त्याच्या तल्लख मनाचे काय झाले? मन शरीराला बांधलेले असते ते कशाने? या शोकातून आलेल्या प्रश्नांचा विचार त्याने त्या मातेसाठी लिहून काढला. पुढे त्यांची उत्तरे बदलली. प्रश्न कायम राहिले.

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याच महाविद्यालयाचे अधिछात्र झाले. त्या वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांत त्यांनी जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांचा एक प्रश्न ऐकला. तर्कशास्त्रातील कोणतेही विधान दिले असता ते सिद्ध करता येते की नाही, हे ठरविणारी एखादी ठरावीक पद्धत असू शकेल काय? ट्युरिंग यांनी प्रश्नाला हात घालण्यापूर्वी एक पाऊल मागे घेतले आणि ठरावीक पद्धत म्हणजे काय, हेच आधी तपासले.

त्या काळी इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द यंत्राला नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावीत. असा माणूस प्रत्यक्षात काय करतो? लहान मुलांच्या चौकटीच्या वहीप्रमाणे तो एका वेळी एक चौकट पाहतो; मनातील नियमाप्रमाणे तेथे एखादे चिन्ह लिहितो किंवा खोडतो; शेजारच्या चौकटीकडे वळतो. एवढ्याच क्रिया करणाऱ्या काल्पनिक यंत्राची मांडणी ट्युरिंग यांनी आपल्या १९३६ च्या निबंधात केली. चौकटींची हवी तेवढी लांब फीत, ती वाचणारे-लिहिणारे टोक आणि नियमांचा एक तक्ता, इतकेच त्याचे भाग. अशा यंत्राच्या साहाय्याने त्यांनी दाखवून दिले की हिल्बर्ट यांना हवी असलेली पद्धत असूच शकत नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च हे निराळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ट्युरिंग यांनी १९३८ मध्ये प्रिन्स्टन येथे डॉक्टरेट मिळविली.

त्या निबंधातील एक कल्पना मूळ प्रश्नापेक्षाही दूरगामी ठरली. प्रत्येक कामासाठी निराळे यंत्र कशाला? एका यंत्राचा नियमांचा तक्ताच चिन्हांच्या रूपाने फितीवर लिहिला आणि तो वाचून त्याप्रमाणे वागणारे दुसरे यंत्र बनविले, तर ते एकच यंत्र सर्व यंत्रांची कामे करील. आज एकाच मोबाइलवर आपण हिशेब करतो, छायाचित्रे पाहतो, तिकिटे काढतो. यंत्र तेच राहते, सूचनांचा संच बदलतो. या सोयीचे तत्त्व त्या निबंधात आहे. तो लिहिला तेव्हा जगात एकही आधुनिक संगणक अस्तित्वात नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ट्युरिंग ब्लेचली पार्क या गुप्त ठाण्यावर कामाला हजर झाले. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने सांकेतिक करीत असे. त्याच्या मांडणीच्या शक्यता १५८ या आकड्यापुढे १८ शून्ये मांडावीत इतक्या होत्या. एकेक तपासून पाहणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पोलंडच्या गणितज्ञांनी या कोड्यावर आधीच मोलाचे काम केले होते आणि युद्धापूर्वी ते ब्रिटनच्या स्वाधीन केले होते. त्या पायावर ट्युरिंग यांनी नवे यंत्र आखले. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. पोलिश यंत्रावरून त्याला बॉम्ब असे नाव पडले. स्फोटाशी त्याचा काही संबंध नव्हता. संदेशात हवामानाच्या वृत्तासारखे एखादे अपेक्षित वाक्य असणार, असे आधी धरून चालावयाचे आणि त्या गृहीताशी विसंगत ठरणाऱ्या मांडण्या यंत्राने भराभर बाद करावयाच्या, अशी त्याची रीत होती. एनिग्मात कोणतेही अक्षर सांकेतिक रूपात तेच राहत नसे. त्या एवढ्याशा उणिवेचाही येथे उपयोग झाला.

अटलांटिक महासागरातील जर्मन पाणबुड्यांचे संदेश उलगडणाऱ्या तुकडीचे प्रमुखपद काही काळ ट्युरिंग यांच्याकडे होते. मनुष्यबळ अपुरे पडू लागले आणि वरिष्ठ दाद देईनात, तेव्हा १९४१ च्या ऑक्टोबरात त्यांनी तीन सहकाऱ्यांसह थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले आणि हवी ती मदत मिळविली. ब्लेचलीत पुढे हजारो माणसे राबत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या सर्वांच्या श्रमाने युद्धाचे पारडे फिरण्यास मोठा हातभार लागला. परंतु गुप्ततेच्या शपथेमुळे ही कथा १९७० च्या दशकापर्यंत जगाला कळली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे बीजही याच दिवसांत अंकुरले. फावल्या वेळात ट्युरिंग तरुण सहकाऱ्यांशी बुद्धिबळ खेळत आणि यंत्राला हा खेळ कसा शिकविता येईल, याची चर्चा करीत. असंख्य शक्यतांतून सर्व न तपासता योग्य ती निवडणे, हेच तर एनिग्मापुढचेही काम होते. बुद्धी हा अशा शोधाचाच एक प्रकार आहे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला. युद्धानंतर डेव्हिड चँपरनाऊन यांच्यासह त्यांनी बुद्धिबळ खेळण्याची नियमावली तयार केली. ती चालवील असा संगणक हाताशी नव्हता. तेव्हा १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच कागदावर आकडेमोड करून यंत्राच्या वतीने खेळले. एकेका चालीस अर्धा-अर्धा तास लागे. कागदावरचे ते यंत्र २९ चालींत हरले. त्यांचे समाधान निकालात नव्हते. नियमांच्या आधारे डाव पुढे चालतो, हे त्यांना पाहावयाचे होते.

१९४५ मध्ये ते राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत रुजू झाले व त्यांनी एका संगणकाचा तपशीलवार आराखडा दिला. याच काळात ते लांब पल्ल्याचे धावपटू म्हणूनही नावाजले. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. १९४८ मध्ये त्यांनी बुद्धिमान यंत्रांविषयी एक अहवाल लिहिला. मेंदूतील चेतापेशींप्रमाणे साध्या घटकांचे अव्यवस्थित जाळे घ्यावे आणि योग्य वर्तनाला बक्षीस, अयोग्य वर्तनाला शिक्षा देत ते हळूहळू घडवावे, अशी त्यातील कल्पना होती. प्रयोगशाळेच्या संचालकांना तो शाळकरी मुलाच्या निबंधासारखा वाटला. शाळेतील शेरा पस्तिशीतही त्यांच्या वाट्याला आला. तो अहवाल त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालाच नाही.

त्याच वर्षी ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. तेथून १९५० मध्ये माइंड या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात त्यांचा सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. यंत्र विचार करू शकते काय, हा प्रश्न शब्दांच्या व्याख्येत अडकून पडतो, म्हणून त्यांनी त्याऐवजी एक खेळ सुचविला. परीक्षक एका खोलीत बसेल. दुसरीकडे एक माणूस आणि एक यंत्र असेल. परीक्षकाने प्रश्न विचारावेत आणि उत्तरांवरून यंत्र कोणते व माणूस कोण, हे ओळखावे. आवाजावरून ओळख पटू नये म्हणून उत्तरे लिखित असावीत आणि शक्य तर ती टंकलिखित असावीत, अशी त्यांची अट होती. या चाचणीत रूप नाही, आवाज नाही, हस्ताक्षरही नाही. उत्तर देणारा कोणत्या पदार्थाचा बनला आहे, हे कोणी विचारावयाचे नाही. तो काय उत्तर देतो, एवढेच पाहावयाचे. शेरबर्नच्या त्या विद्यार्थ्याला शाळेने जो न्याय दिला नव्हता, तो त्याने यंत्रालाही देऊ केला, असे हा निबंध वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

पन्नासेक वर्षांत अशी यंत्रे होतील की पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला अचूक ओळख पटण्याची शक्यता ७० टक्क्यांपलीकडे जाणार नाही, असे भाकीत त्यांनी केले. त्यास थोडा अधिक काळ लागला. परंतु मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतच अस्खलित उत्तर देणारी यंत्रे आज आपल्या हातात आली आहेत. अस्खलित बोलणे म्हणजे समजणे काय, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

निबंधाचा अखेरचा भाग शिक्षकांनी आवर्जून वाचावा असा आहे. प्रौढ माणसाचे मन यंत्रात एकदम उतरविण्यापेक्षा बालकाचे मन उतरवावे आणि त्याला शिक्षण द्यावे, असे ट्युरिंग तेथे सुचवितात. या बालयंत्राच्या आत नेमके काय चालले आहे, हे शिकविणाऱ्याला पुष्कळदा कळणार नाही, हेही ते सांगून ठेवतात. यंत्र सांगितले तेवढेच करते, या आक्षेपाला त्यांचे उत्तर याच वाटेने जाते. जो शिकतो, तो शिकविणाऱ्याला चकित करू शकतो. वर्गात उभे राहिलेल्या प्रत्येक शिक्षकाचा हा अनुभव आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एका प्रस्तावात वापरले आणि पुढील वर्षी अमेरिकेतील डार्टमथ येथे या विषयावरील पहिली मोठी कार्यशाळा भरली. आजची पाठ्यपुस्तके या शास्त्राची ओळख बुद्धिमान एजंट या संकल्पनेपासून करून देतात. एजंट हा शब्द आपल्याला विम्यामुळे परिचित आहे. दुसऱ्याच्या वतीने काम करणारा तो एजंट. संगणकशास्त्रातील एजंट भोवतालची स्थिती संवेदकांनी जाणून घेतो, उद्दिष्ट समोर ठेवून कृती निवडतो आणि ती आपल्या साधनांनी पार पाडतो. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारी यंत्रणा हा त्याचा अगदी प्राथमिक नमुना. तिला एकच नियम ठाऊक असतो. कालची आठवण नसते, उद्याचा विचार नसतो. कोणता कोपरा झाडून झाला याची नोंद ठेवणारे सफाईचे यंत्र तिच्या एक पायरी वर. इच्छित गावी पोहोचण्यासाठी अनेक रस्त्यांची तुलना करून एक निवडणारी मोबाइलवरील नकाशाप्रणाली आणखी वर. अनुभवातून स्वतःचे नियमच सुधारणारा एजंट सर्वांत वरच्या पायरीवर असतो. ट्युरिंग यांचे बालयंत्र ते हेच. बक्षीस आणि शिक्षा यांतून शिकण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या अँड्र्यू बार्टो व रिचर्ड सटन यांना २०२४ चा पुरस्कार मिळाला, तो ट्युरिंग यांच्याच नावाचा. आंध्रातील काटूर गावी जन्मलेले राज रेड्डी यांनाही कृत्रिम बुद्धिमत्तेतील कार्याबद्दल १९९४ मध्ये याच पुरस्काराने गौरविण्यात आले होते.

मात्र एकाच नियमावर चालणाऱ्या यंत्रणेसारखी माणसांची व्यवस्थाही कधी कधी वागते, याचा दारुण अनुभव ट्युरिंग यांना आला. १९५२ च्या आरंभी त्यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांना कळविले आणि चौकशीत एका पुरुषाशी असलेले आपले संबंधही न लपविता सांगितले. इंग्लंडच्या कायद्याने तेव्हा तो गुन्हा होता. तक्रार करावयास गेलेला माणूस आरोपी ठरला. ३१ मार्च १९५२ रोजी शिक्षा झाली. तुरुंग किंवा वर्षभर संप्रेरकांचे औषधोपचार, यांतून त्यांनी दुसरा पर्याय पत्करला. सरकारी गुप्त कामाची दारे बंद झाली. देशासाठी त्यांनी काय केले होते, याचा तपशील जाहीर करण्याची कोणालाच मुभा नव्हती. अशा स्थितीतही सजीवांच्या अंगावरील ठिपके व पट्टे कसे उमटतात, यावरील त्यांचा मूलगामी निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ७ जून १९५४ रोजी विल्म्स्लो येथील राहत्या घरी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा अंत झाला. तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. मृत्यूच्या चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. आईने तो कधीच मान्य केला नाही, हा अपघात होता असेच ती मानीत राहिली.

तो कायदा इंग्लंडमध्ये १९६७ साली सैल झाला. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने ट्युरिंग यांची जाहीर क्षमा मागितली. २०१३ मध्ये त्यांना राजमाफी मिळाली आणि २०१७ मध्ये त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या इतर दिवंगतांनाही ती लागू झाली. २३ जून २०२१ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, त्यांचे चित्र असलेली ५० पौंडांची नोट चलनात आली. ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेतून आपल्याकडे आणलेली तशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरती रद्द केली. चूक मान्य करावयास समाजाला किती वर्षे लागतात, हे या तारखांवरून दिसते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पिढीला बुद्धिमान यंत्रांच्या सहवासात जगावयाचे आहे. ती यंत्रे कशी पाहतात, कशी निवड करतात, कशी शिकतात, हे अवश्य समजून घ्या. त्यांना उद्दिष्ट नेमून देणारा माणूसच असतो, हेही विसरू नका. उद्दिष्ट चुकले, तर कुशल यंत्र चुकीचेच काम अधिक कुशलतेने करील. ट्युरिंग यांनी धातू आणि तारा यांच्या यंत्राकडेही पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहण्याचा आग्रह धरला. त्याला बालक मानले, शिकण्याची संधी द्या म्हणून विनविले. शेजारच्या बाकावर बसलेल्या, अक्षर वाईट असलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आपल्याहून निराळ्या असलेल्या सोबत्याला तेवढी संधी आपण देतो काय, याचा विचार प्रत्येक शाळेने करावयास हवा.